दंडाची बाकी

नाशिकरोड मागे टाकून एकलहऱ्याच्या वाटेला लागले की गाव दृष्टीस पडण्याच्या बरेच आधी औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. 1970-71 च्या सुमारास येथे 140 मेगावॅटचे दोन संच उभे राहिले आणि काही वर्षांनी 210 मेगावॅटचे तीन संच त्यांच्या जोडीला आले. त्यांपैकी पहिले दोन आता निवृत्त झाले असून उरलेल्या तिघांवर केंद्राचा संसार चालतो. परंतु ज्या रस्त्याने आपण येथवर आलो त्या रस्त्याच्या मागच्या टोकाला, काही थोड्या मैलांच्या परिसरात, शासनसंस्थेने आपल्या सत्तेची इतकी साधने एकत्र मांडून ठेवली आहेत की क्वचितच दुसऱ्या एखाद्या गावाला तसे भाग्य लाभले असेल. 1928 पासून चलनी नोटा छापणारा नोट छापखाना तेथे आहे. न्यायालयीन मुद्रांक आणि महसुली तिकिटे छापणारे भारत प्रतिभूति मुद्रणालय तेथेच आहे. आणि ज्याच्यामुळे एका वस्तीला ‘जेलरोड’ हे नाव कायमचे चिकटले ते मध्यवर्ती कारागृहही तेथेच आहे. साने गुरुजींनी 1933 साली ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ज्या नोटेने दंड भरावयाचा ती नोट, ज्या तिकिटावाचून न्यायालय अर्जाला हात लावीत नाही ते तिकीट, आणि नोट नसली तर ज्या भिंतीआड जावयाचे ती भिंत, या तिन्ही वस्तू एकमेकींच्या इतक्या शेजारी नांदत आहेत याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

दंड ठोठावणे ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे. न्यायाधीशाने वाक्य उच्चारले किंवा हवालदाराने यंत्राची कळ दाबली की ते काम झाले. तो वसूल करणे हा मात्र स्वतंत्र आणि पुष्कळदा दंडाहून मोठा उद्योग असतो, आणि त्या उद्योगाचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: दंड न भरणाऱ्या माणसाचे असे काय आहे की जे सरकारच्या हाताला लागेल?

आपल्या भाषेत दंड म्हणजे काठीही आणि दंड म्हणजे रक्कमही. कौटिल्याने साहसदंडाच्या पायऱ्या पणांमध्ये ठरवून दिल्या, त्यांतील उत्तम साहसदंड 1000 पणांपर्यंत जातो. ज्याच्यापाशी पण नाहीत त्याचे काय, या प्रश्नाला मनुस्मृतीने नवव्या अध्यायात दिलेले उत्तर मासलेवाईक आहे. क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र यांना दंड देता येत नसेल तर त्यांनी तो काम करून फेडावा. ब्राह्मणाने मात्र हळूहळू, हप्त्याहप्त्याने द्यावा. यातील पक्षपात उघड आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही; परंतु श्रमाने फेड आणि हप्त्याने फेड या दोन्ही युक्त्या किती जुन्या आहेत हेही त्यातून कळते, कारण आजच्या कायद्यात त्या दोन्ही, वर्णाची अट गाळून, पुन्हा भेटतात.

पेशवाईच्या दप्तरांत ‘गुन्हेगारी’ हा शब्द आजच्या अर्थाने येत नाही, तो दंडाच्या रकमेसाठी येतो. वादात जिंकणाऱ्याने सरकारात भरावयाची ती हरकी आणि हरणाऱ्याने भरावयाची ती गुन्हेगारी. म्हणजे न्याय कोणाच्याही बाजूने लागो, सरकारचे काही ना काही पावतेच. रक्कम थकली की प्यादा दारात येऊन बसे, त्याच्या पोटाची सोय बाकीदाराने करावयाची आणि वर त्याच्या येण्याची फी म्हणून ‘मसाला’ही द्यावयाचा, अशी ती रीत. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला त्यात या तगाद्याचे वर्णन आहे: नुसत्या मागणीपासून सुरुवात होऊन दाराशी धरणे धरण्यापर्यंत त्याच्या पायऱ्या चढत जात. या पद्धतीत तुरुंग लागत नव्हता. शेजाऱ्यांचे डोळे पुरत होते. दोन शतके लोटली तरी नामुष्कीवरील हा विश्वास कारभाऱ्यांच्या मनातून गेलेला नाही, कारण 2022 साली नाशिक महापालिकेने मालमत्ताकराच्या थकबाकीदारांच्या दारापुढे ढोल वाजवण्याची मोहीम काढली तेव्हा प्याद्याच्या जागी ढोलकरी आला, एवढाच काय तो फरक पडला.

इंग्रजी अमलाने तगाद्याच्या जागी दोन गोष्टी आणल्या, कैद आणि जप्ती. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 63 पासून 70 पर्यंत या विषयाचा सगळा हिशेब मांडलेला होता आणि तो हिशेबच म्हणावा लागेल, इतका तो वाण्याच्या वहीसारखा काटेकोर होता. गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा असेल तर दंड न भरल्याबद्दलची कैद साधीच असावी. दंड 50 रुपयांपर्यंत असेल तर ती 2 महिन्यांहून, 100 पर्यंत असेल तर 4 महिन्यांहून आणि त्यापुढे 6 महिन्यांहून अधिक नसावी. कैद चालू असताना पैसे भरले की सुटका. आणि थोडे भरले तर त्या प्रमाणात कैद कमी. कायद्यानेच दिलेले उदाहरण असे: 100 रुपये दंड, न भरल्यास 4 महिने कैद, पहिला महिना संपण्याआधी 75 रुपये भरले तर महिना संपताच त्या माणसाला सोडले पाहिजे. म्हणजे माणसाच्या एका महिन्याचा भाव 25 रुपये! 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा या पायऱ्या 5000 आणि 10000 रुपयांवर नेण्यात आल्या व त्यापुढील दंडासाठी कैदेची मर्यादा एक वर्ष झाली. पद्धत मात्र तीच राहिली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण वकिलांखेरीज इतरांचा तिच्याविषयी नेहमी गोंधळ होतो. दंड न भरल्याबद्दल भोगलेली कैद ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, ती केवळ न भरल्याचे प्रायश्चित्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली स्पष्ट केले. कैद भोगली म्हणून दंड आपोआप फिटतो असेही नाही. ती पूर्ण भोगलेल्या माणसावर वसुलीचे वॉरंट काढावयाचे तर न्यायालयाला खास कारणे लेखी नमूद करावी लागतात, इतकेच संरक्षण त्याला आहे. शिवाय दंड माणसाबरोबर मरतही नाही. कायदेशीर कर्जाला जी मालमत्ता जबाबदार राहते ती मृत्यूनंतर या दंडालाही जबाबदार राहते. आणि म्हणूनच दंडाविरुद्धचे अपील आरोपीच्या मृत्यूने संपत नाही, वारसांच्या डोक्यावर ते ओझे उभे असते.

जप्तीची वाट कोर्टातून निघून कचेरीत जाते. न्यायालय एक तर जंगम माल जप्त करून विकण्याचे वॉरंट काढते, किंवा जिल्हाधिकाऱ्याला लिहिते की ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करा. ‘जमीन महसुलाची थकबाकी समजून’ हे चार शब्द महाराष्ट्राच्या कारभारात मंत्रासारखे चालतात. ते उच्चारले की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील सारी शस्त्रे जिल्हाधिकाऱ्याच्या हाती येतात: प्रथम मागणीची नोटीस, मग जंगमाची जप्ती, मग स्थावराची विक्री, आणि शेवटी बाकीदाराची अटक व तहसील कचेरीत दहा दिवसांपर्यंतचा अटकाव. फौजदारी न्यायालयाच्या दंडासाठी मात्र या शेवटच्या शस्त्राला मनाई आहे, कारण कैदेचा हिशेब न्यायालयाने आपल्यापाशी आधीच केलेला असतो. बेकायदा वाळू उपसणाऱ्याला महसूल खात्याने लावलेल्या, बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत जाणाऱ्या दंडाला ती मनाई नाही. विक्रीची दवंडी तालुक्याच्या ठिकाणी आणि गावात पिटावी असे संहिता सांगते, म्हणजे ढोल येथेही आहेच.

पण घरात शिरलेल्या जप्ती कारकुनाला सगळ्याच वस्तूंना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरते बैल आणि बियाणे, एवढे दिवाणी प्रक्रिया संहितेने वगळून ठेवले आहे. मंगळसूत्राचे नाव कायद्यात कोठे नाही, तरी ते वाचवणारे वाक्य तेथे आहे. एकेकाळी मात्र असा संकोच नव्हता. एकलहऱ्याहून फार दूर नसलेल्या भगूरच्या सावरकर घराण्यातील बाबाराव सावरकरांना जून 1909 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली तेव्हा तिच्या जोडीला सर्व मालमत्ता सरकारजमा करण्याचा हुकूमही होता, कारण राजाविरुद्ध युद्धाच्या कलमात तेव्हा तशी तरतूदच होती. 1921 साली ती काढून तिच्या जागी ‘दंडासही पात्र’ असे सौम्य शब्द घातले गेले. सर्वस्वहरणाचा वारस म्हणून दंड आला, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मिळणार नाही.

प्रत्यक्षात लिलावापर्यंत प्रकरणे कमीच जातात. तलाठ्याने, ज्याला 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढवला की काम अर्धे होते. ती ओळ वर्षानुवर्षे काही करीत नाही, नुसती बसून राहते; पण मुलीच्या लग्नासाठी सोसायटीचे कर्ज काढावयाचे ठरते किंवा भावांची वाटणी होऊन गुंठा-दोन गुंठे विकावयाचे ठरते त्या दिवशी ती बोलू लागते आणि मग कुठल्याही ढोलापेक्षा मोठ्याने बोलते.

विजेच्या गावात उभे राहून विजेच्या दंडाविषयी बोलले नाही तर ते अपुरे ठरेल. 2003 च्या विद्युत अधिनियमाखाली झालेली शास्ती थकली तर तीही जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीच वसूल करता येते; कलम 170 म्हणजे त्याच चार शब्दांचा पुनरुच्चार होय. चोरी पकडली गेली तर तडजोडीचा भावही कायद्यातच छापलेला आहे: कारखान्याला प्रतिकिलोवॅट 20000 रुपये, दुकानाला 10000, शेतीला 2000, इतरांना 4000. मात्र वीज कंपनीच्या हाती महसूल खात्याहून नामी शस्त्र आहे. थकलेल्या बिलासाठी पंधरा दिवसांची नोटीस देऊन तार काढता येते, आणि अंधाराइतका तत्पर वसुली कारकून अजून कोणत्याही सरकारला मिळालेला नाही.

याच्या अगदी उलट अवस्था रस्त्यावरील ई-चलानची आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील दंड चांगलेच वाढले. किरकोळ अपराधाचे 100 रुपये 500 झाले, हेल्मेटविना दुचाकी हाकणाऱ्यास 1000 रुपये दंड आणि तीन महिने परवान्याला मुकण्याची शिक्षा आली. नाशिकात तर 15 ऑगस्ट 2021 पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असा फतवा निघाला होता. पण यंत्रातून निघालेले चलान म्हणजे दंड, ही समजूत चुकीची आहे. ते तडजोडीचे आमंत्रण असते: एवढी रक्कम भरा, आम्ही कोर्टात जात नाही. न भरल्यास सरकारने कोर्टात जावयाचे असते. आणि केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाला घेता येत नाही, अशी मुदत पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कॅमेरा थकत नाही, न्यायालय थकते. त्यामुळे चलानांचा ढीग वाढत जातो, त्यांतील पुष्कळ मुदतबाह्य होतात, आणि वाहनमालक मोबाईलवर आलेला संदेश वाचून पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीत काही सवलत मिळते का याची वाट पाहत बसतो. यांत तो लबाड आहे असे मी म्हणणार नाही. ज्या दंडाला मागे दात नाहीत तो लोक वाट पाहून पाहतात, इतकेच. सरकारलाही अखेर जुनाच मार्ग सापडला: गाडीची मालकी बदलावयाची असो की कागदपत्रे नवी करावयाची असोत, जुनी बाकी दाखवून अर्ज अडवून धरावयाचा. सातबाऱ्यावरील बोजाच जणू गाडीच्या पुस्तकावर चढला.

म्हणजे जमीनवाल्याला सातबारा धरून ठेवतो, गाडीवाल्याला परिवहन कार्यालय, ग्राहकाला विजेची तार. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही त्याचे शरीर तेवढे सरकारच्या हाताला लागते. फिनलंडमध्ये 1921 पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. 2002 साली तेथे एका मोठ्या दूरध्वनी कंपनीच्या संचालकाला मोटारसायकल वेगाने चालवल्याबद्दल 1 लाख 16 हजार युरो दंड झाला होता, पुढे अपिलात तो कमी झाला हे खरे. आपल्याकडे रक्कम सर्वांना सारखीच, म्हणून कैद सारखी नाही. हप्त्यांची सोय आहे, पण दोन किंवा तीन हप्त्यांची, आणि पहिला तीस दिवसांच्या आत. महाराष्ट्रातील एका प्रकरणात, मूळ शिक्षा सरकारी सवलतीने संपूनही केवळ लाखो रुपयांचे दंड थकल्यामुळे एका कैद्यापुढे आणखी काही वर्षांची कैद उभी राहिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली असा निर्णय दिला की दंड न भरल्याबद्दलच्या या कैदा एकत्र भोगता येणार नाहीत, एकीमागून एक भोगल्या पाहिजेत. मात्र त्याच निकालात त्यांचा अवधी न्यायालयाने कमी करून दिला.

कारागृहात अशी माणसे साठून राहतात हे केंद्र सरकारच्याही ध्यानात आले आणि 2023 साली गरीब कैद्यांसाठी एक योजना निघाली. तिच्याखाली शिक्षा झालेल्या कैद्याच्या दंडापोटी 25000 रुपयांपर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40000 रुपयांपर्यंत रक्कम, जिल्हा पातळीवरील समितीने पात्र ठरवल्यास, मिळावी असे तेव्हा ठरले. हिशेबतपासनीसाला या व्यवहारात काही आक्षेपार्ह सापडणार नाही. सरकारी तिजोरीतून निघालेली रक्कम दंडाच्या शीर्षाखाली सरकारी तिजोरीतच जाऊन बसते, आणि पावती तेवढी कैद्याच्या नावाने फाटते.