उंसांतला बिबट्या

अन्नसाखळी शिकवितांना फळ्यावर सिंह काढण्याची आम्हां मास्तरांची जुनी खोड. येडगांवच्या मुलास सिंह कशाला? त्याच्या घरामागें उंसांत बिबट्या आहे. कुकडीवर धरण झालें, पाणी मिळालें, बाजरीच्या जागीं ऊंस आला. बाजरी तीन महिन्यांत निघते. ऊंस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारें शंभर दिवसांचा. पिलांस याहून निवांत आडोसा कोणता? कुत्रीं, शेळ्या तर वस्तींतच मिळतात.

‘मग धरून दूर कां सोडीत नाहींत?’ असें मुलें विचारतात. तेंहि करून झालें आहे. २००१ पासून जुन्नर भागांतले बिबटे पकडून लांबच्या रानांत सोडले, तों माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होते ते १७ झाले, असें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें. रिकाम्या जागीं दुसरा बिबट्या येतोच.

ऊंसतोडींत पिलें सांपडलीं तर हात न लावतां वनखात्यास कळवावें. पिलें त्याच जागीं राहिलीं, म्हणजे आई बहुधा रात्रीं येऊन त्यांस घेऊन जाते. आणि सांजवेळीं मुलांस उंसाच्या कडेला बसूं देऊं नये. बसलेलें मूल बिबट्यास लहान जनावरासारखें दिसतें.