फ्लॉवरमधलं पाणी आणि कुरकुरीत तुरे

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या चायनीजच्या गाडीवर कुरकुरीत लागणारा फ्लॉवर घरी केला की ताटात येईपर्यंत मऊ पडतो. गाडीवाल्याकडे कसलाही गुप्त मसाला नसतो. त्याच्याकडे असते ती मोठी आच, भरपूर तेल आणि एकदा तळलेले तुरे पुन्हा तळायची सवय.

फ्लॉवरच्या वजनात सुमारे 92 टक्के पाणी असतं. गरम तेलात ते वाफ होऊन निघतं आणि ते निघेपर्यंत तुऱ्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर चढत नाही. खमंग तांबूस रंगाला मात्र साधारण 140 अंश लागतात. त्यात अळ्यांच्या भीतीने आपण तुरे मिठाच्या गरम पाण्यात बुडवतो. बुडवावेतच, पण नंतर कापडावर पसरून पंख्याखाली खडखडीत कोरडे करावेत. घाईत नेमकं हेच राहून जातं. पावसाळ्यात, इथे येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या दमट हवेत, त्याला वेळही जास्त लागतो.

नुसत्या मैद्याचं आवरण चिवट होतं, कारण भिजलेल्या मैद्यात ग्लुटेन तयार होतं. कॉर्नफ्लोअर आणि तांदळाच्या पिठात ते होत नाही. म्हणून मैदा थोडाच घ्यावा, पीठ गार पाण्यात भिजवावं आणि लगेच वापरावं. तुऱ्यांना आधी मीठ चोळून ठेवू नये, पाणी सुटतं.

घाणा लहान ठेवावा. कढई गच्च भरली की तेल निवतं आणि फ्लॉवर तळला जाण्याऐवजी तेल पितो. आधी मध्यम आचेवर शिजवून काढावा, जरा निवू द्यावा, मग मोठ्या आचेवर मिनिटभर सोडावा. मधल्या वेळात आतला ओलावा आवरणात उतरतो आणि दुसऱ्या तळणीत उडून जातो. नंतर टिपकागदावर ढीग घालू नये, खाली वाफ कोंडते. जाळी उत्तम. एअरफ्रायरमध्येही तुरे एकाच थरात, सुटे सुटे हवेत.

हेच तुरे सॉसमध्ये घोळवले की गोबी मंचुरियन होतं. मूळ चिकन मंचुरियनचं श्रेय मुंबईच्या नेल्सन वँग यांना दिलं जातं. फ्लॉवरचा अवतार गोवा-कर्नाटकात जास्त रुळला आणि रंगामुळे अडचणीतही आला. मार्च 2024 मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्या भडक लालीने कुरकुरीतपणात काडीचीही भर पडत नाही. लाल हवंच असेल तर काश्मिरी मिरची वापरा, आणि तुरे सॉसमध्ये घोळवा ते पानं घेतल्यावरच.