प्लग शेवटी, बचत आधी

एचपीचा डेस्कजेट प्रिंटर १९८८ साली बाजारात आला. तो अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरच्या कारखान्यात तयार होई. बोटीने युरोपला पोचायला महिनाभर लागे. यंत्र सगळीकडे एकच. देशागणिक बदले तो वीजपुरवठ्याचा भाग, प्लग आणि माहितीपुस्तिकेची भाषा. पण एवढ्याशा फरकावर देशाचा शिक्का कारखान्यातच बसे. मग एका देशासाठीचा माल गोदामात पडून आणि शेजारच्या देशात खडखडाट!

कंपनीने वीजपुरवठ्याचा भाग शेवटी जोडता येईल असा आखला आणि ‘कोरे’ प्रिंटर युरोपातल्या वितरण केंद्राकडे धाडले. प्लग आणि पुस्तिका मागणी आल्यावर तिथेच. (आपल्याकडचा रंगवाला पांढऱ्या बेसमध्ये हवी ती छटा मशीनवर मिसळून देतो, तोच हा प्रकार.)

गणित सोपे आहे. चार देशांच्या मागणीतले चढउतार सारखे, पण एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर चार वेगळ्या राखीव साठ्यांच्या जागी निम्माच सामाईक साठा पुरतो. मागणी सगळीकडे एकदमच वाढत-घटत असेल, तर मात्र हा फायदा जवळजवळ उरत नाही.

डेस्कजेटचा उत्पादनखर्च किंचित वाढला. उत्पादन, वाहतूक आणि साठा मिळून एकूण खर्च मात्र २५ टक्क्यांनी उतरला.