चार एमबी रॅम, तरी 'मेमरी कमी': डॉसच्या ६४० केबीचं कोडं

कळंबमधल्या एका छापखान्यातलं जुनं ३८६ मशीन माझ्याकडे आलं. त्यात बऱ्याच वर्षांचा मराठी मजकूर होता आणि तो बाहेर काढायचा होता. मशीन सुरू झालं, पण मराठीचा प्रोग्रॅम चालवला की एकच उत्तर यायचं: मेमरीत मावत नाही. रॅम ४ एमबी! मालकांना वाटलं, रॅम गेली. रॅम ठणठणीत होती.

अडचण १९८१ सालच्या आयबीएम पीसीपासूनची आहे. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांच्या २० रेषा होत्या, म्हणजे फार तर १ एमबी मेमरी दिसणार. त्यातला वरचा ३८४ केबी भाग स्क्रीन, जादा कार्डं आणि बायोससाठी राखला. उरली ६४० केबी, हीच बेस मेमरी. पुढे मशीनमध्ये ४ काय नि १६ एमबी काय, डॉसचे साधे प्रोग्रॅम याच ६४० मध्ये चालायचे. गावाबाहेर कितीही जमीन घ्या, दुकान पेठेतल्या त्याच गाळ्यात मांडायचं, असा प्रकार.

त्या गाळ्यात आधीच डॉस बसलेलं. शिवाय माउसचा ड्रायव्हर, डॉसकी, डिस्क कॅश असे 'टीएसआर' प्रोग्रॅम. हे एकदा चालवले की काम संपल्यासारखे दिसतात, पण मेमरीत ठाण मांडून राहतात आणि कळ दाबली वगैरे की जागे होतात.

मराठीवाल्यांची गोची जास्त. डॉसच्या साध्या टेक्स्ट स्क्रीनला एका वेळी २५६ अक्षरचिन्हं पुरायची. आपली जोडाक्षरं त्यात कशी बसणार? म्हणून अक्षरं चित्रासारखी काढणारं सॉफ्टवेअर लागायचं आणि तेही मेमरीत मुक्कामाला. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणलं ते याच अडचणीवर. कार्ड मशीनच्या आत स्लॉटमध्ये बसायचं, अक्षरजोडणी तिथेच व्हायची आणि डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी भरता यायचं. या मशीनमध्ये मात्र कार्ड नव्हतं.

तर जागा कशी काढायची? आधी 'मेम /सी' चालवा (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत, इथे फक्त उच्चार देतोय). कोण किती केबी अडवून बसलंय ते दिसतं. मग नको असलेलं सरळ काढा. आमच्या मशीनवर नसलेल्या सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर रोज इमाने इतबारे लोड होत होता!

बाकीचं काम एमएस-डॉस ५ ने १९९१ साली सोपं केलं. कॉन्फिग.सिसमध्ये आधी हायमेम.सिस, मग ईएमएम३८६ला 'नोईएमएस' देऊन, आणि 'डॉस=हाय,यूएमबी' ही ओळ. डॉसचा मोठा भाग १ एमबीच्या वर जातो. राखीव ३८४ केबीतल्या मोकळ्या फटीत ड्रायव्हर 'डिव्हाइसहाय'ने आणि टीएसआर 'लोडहाय'ने बसवायचे. मोठा आधी, छोटे नंतर; कारण लोड होताना प्रोग्रॅमला नंतरच्यापेक्षा जास्त जागा लागू शकते. २८६ मशीनवर ईएमएम३८६ चालत नाही, तिथे हायमेम आणि 'डॉस=हाय' एवढ्यावरच भागवायचं.

दोन ठिकाणी जपा. एखादं कार्ड त्याच वरच्या भागातला पत्ता वापरत असेल तर मशीन लटकतं; तेवढा पट्टा ईएमएम३८६ला 'एक्स=' देऊन वगळायचा. आणि फाइल बदलण्याआधी बूट होणारी फ्लॉपी तयार ठेवा. डॉस ६ मध्ये सुरू होताना एफ५ दाबून सुटका होते, ५ मध्ये ती सोय नाही.

एवढं केल्यावर मोकळी बेस मेमरी ५०० केबीच्या आत होती ती ६००च्या वर गेली आणि प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात उघडला. सगळ्या फाइल आधी फ्लॉपीवर उतरवल्या. त्या निघाल्या इस्की संकेतात, त्यामुळे आजच्या नोटपॅडमध्ये नुसती भुताची अक्षरं दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलायचं काम सध्या चालू आहे.