किल्ली बरोबर, तरी दार बंद

कचेरीत एखाद्याचे ई-मेल उघडेनासे झाले की निकाल ताबडतोब लागतो : ‘तुम्ही पासवर्ड विसरलात!’ पुष्कळदा तो चुकीचा असतो.

मला ठाऊक असलेल्या एका कचेरीत निवृत्तीला आलेले एक कारकून होते. पासवर्ड बदलल्यापासून त्यांचे खाते रोज बंद पडे. नवा पासवर्ड करून द्यावा, तर तासाभराने पुन्हा तेच. ‘आता वय झाले’ असे लोक तोंडावर बोलू लागले, आणि पुढे पुढे त्यांना स्वतःलाही ते खरे वाटू लागले.

अशा वेळी सर्व्हर कारण का सांगत नाही? नाव चुकले की पासवर्ड, हे तो बहुधा मुद्दामच सांगत नाही. सांगितले तर कोणती नावे खरी आहेत याचा सुगावा परक्याला लागेल. मात्र आपल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, कोण केव्हा व कोणत्या पत्त्यावरून आले हे तो टिपून ठेवतो. ती वही वाचण्याचे कष्ट तेथे कोणी घेतले नव्हते. वाचली तेव्हा दिसले की दर काही मिनिटांनी दार ठोठावणारा दुसराच कोणी आहे : कारकुनांच्या खिशातला मोबाइल! त्यात जुनाच पासवर्ड साठवलेला होता. ठरावीक चुकांनंतर खात्याला कुलूप घालावे असा सर्व्हरला नियम घालून दिलेला. आणि कुलूप पडले की खरा पासवर्डही चालत नाही. मोबाइलमध्ये नवा पासवर्ड भरला आणि प्रकरण मिटले.

वही हाती नसेल तर ब्राउझरमधून टपाल उघडून पाहावे. तेथे उघडले, तर पासवर्ड ठीक आहे. दोष टपालाच्या प्रोग्रॅमकडे. टपाल वाचता येते पण पाठवता येत नाही, अशीही तक्रार येते. त्यात नवल नाही, कारण दारे दोन आहेत : वाचण्याचे आयमॅप, बहुधा ९९३ क्रमांकाचे, आणि पाठवण्याचे एसएमटीपी, बहुधा ५८७ क्रमांकाचे. ओळख दोन्हीकडे पटवावी लागते.

कधी रीतच बदलते. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये नुसत्या नाव-पासवर्डावर टपाल वाचू देण्याची जुनी पद्धत बंद करण्यास आरंभ केला, तेव्हा बरोबर पासवर्ड देणारे जुने प्रोग्रॅमही बाहेरच राहिले.

आपल्याकडची एक खास अडचण सांगावयाची राहिली. मराठी पत्र टाइप करून झाल्यावर कळफलक मराठीतच राहतो, आणि पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने ते ध्यानात येत नाही. आधी नावाच्या चौकटीत दोन अक्षरे टाइप करून पाहावीत.