गोठलेली रेतकांडी सांभाळा



गायीला रेतन केले आणि एकवीस दिवसांनी ती उलटली, की आपण गायीलाच नावे ठेवतो. पण दोष कांडीचाही असू शकतो. तीन आठवड्यांचा चारा मात्र फुकट जातो.

वीर्य नुसतेच गोठवले तर त्यातल्या पाण्याचे अणकुचीदार बर्फकण होतात व शुक्रजंतूंचे आवरण फाटते. ग्लिसरीन मिसळल्यास ते तगतात, हे १९४९ साली इंग्लंडमध्ये कळले. अंड्याचा बलकही त्यांना थंडीत जपतो. हो, आपल्या खाण्यातलाच! अशी कांडी द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंशांवर, वर्षानुवर्षे टिकते.

घात होतो हाताळताना. हवी ती कांडी शोधायला डबा पात्राच्या तोंडाबाहेर काढून धरला, की बाकीच्या कांड्यांनाही ऊब लागते. नत्र आटून कांड्या उघड्या पडल्या तर नंतर पात्र भरून उपयोग नाही. मेलेली कांडी दिसायला जिवंत कांडीसारखीच! म्हणून पात्रातले नत्र पट्टीने मोजतात का, हे खुशाल विचारा. त्यात राग येण्यासारखे काही नाही.

रेतनाला माणूस येण्याआधी कोमट पाणी तयार ठेवा. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, कोरडी पुसून लगेच वापरावी. आत पाण्याचा थेंब गेला तरी शुक्रजंतू मरतात. निफाडकडच्या हिवाळ्यात वितळलेली कांडी उघड्यावर ठेवू नका, पुन्हा थंडी बाधते. उरलेली कांडी परत नत्रात टाकू देऊ नका.