नत्राची गोणी आणि वेंबनाडचे दरवाजे

मार्चचा मध्य जवळ आला की केरळच्या अळप्पुळा जिल्ह्यात जुना वाद नव्याने पेटतो. तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडायचे केव्हा? कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली. तिच्यात खारे पाणी शिरू नये म्हणून वेंबनाड सरोवरावर सव्वा किलोमीटर लांबीचा हा बंधारा १९७६ मध्ये सुरू झाला. डिसेंबरच्या मध्यापासून सुमारे तीन महिने तो बंद असावा, असा संकेत आहे. पीक लांबले की शेतकरी मुदतवाढ मागतात, मच्छीमार दरवाजे उघडण्यासाठी रेटा लावतात आणि जिल्हा प्रशासनाची कोंडी होते. भांडण स्थानिक दिसते. त्याचे एक मूळ मात्र दिल्लीत आहे.

पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्या बंधाऱ्याच्या दक्षिणेस वेंबनाडला मिळतात. शेतांतून उपसलेले पाणीही तिथेच जाते आणि खतांतील नत्र व स्फुरद सोबत नेते. त्यात गावांचे आणि हाऊसबोटींचे सांडपाणी मिसळते. भरती-ओहोटी खेळती असेपर्यंत यातील बरेच समुद्रात धुऊन निघते. दरवाजे बंद झाले की पाणी तुंबते आणि गोडे होते. जलपर्णीला खारेपण सोसत नाही; गोड्या, खतावलेल्या पाण्यात ती माजते. शेवाळ वाढते, कुजते आणि पाण्यातील प्राणवायू संपवते. काळ्या शिंपल्याच्या प्रजननाला थोडे खारटपण लागते. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीला अंडी देण्यासाठी मचूळ पाण्यापर्यंत उतरावे लागते आणि तिची वाट बंधारा अडवतो. २००२ मध्ये रामसर यादीत गेलेल्या पाणथळीची ही अवस्था आहे.

यात एकट्या कुट्टनाडच्या शेतकऱ्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पोषकद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण १ एप्रिल २०१० पासून लागू झाले, तेव्हा युरिया त्याबाहेर ठेवण्यात आला. स्फुरद आणि पालाशयुक्त खते महागली, युरिया स्वस्तच राहिला. २०१२ मध्ये टनाला ५,३६० रुपये ठरलेला त्याचा मूळ भाव २०१४ च्या सत्तांतरानंतरही हलला नाही. कडुनिंबाचा लेप आला, पुढे २०१८ मध्ये ५० किलोची गोणी ४५ किलोची झाली. भाव वाढवण्यापेक्षा गोणी लहान करणे कोणत्याही सरकारला सोपे! २०२२-२३ मध्ये खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि त्यातील मोठा हिस्सा पिकाला लागतच नाही.

सांडपाण्याची कथा याहून बोलकी आहे. प्रक्रिया केंद्रांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यात एकूण नत्र लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी तरतूद पर्यावरण मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०१५ च्या मसुद्यात होती. ऑक्टोबर २०१७ ची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा नत्राचा रकानाच गळालेला होता. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नत्र आणि स्फुरद या दोहोंच्या मर्यादा घालण्याचा आदेश दिला. मंत्रालयाने स्वतःच मांडलेला मुद्दा न्यायासनाकडून परत यावा, यातच सारे आले. खतांचा विभाग गोण्या मोजतो, पर्यावरण मंत्रालय नळाच्या तोंडाशी मोजते आणि पाणी हा विषय राज्यांचा. नदीच्या मुखाशी साचणाऱ्या नत्राचा हिशेब यांपैकी कोणाकडेच नाही.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेच्या २००७ च्या अहवालावर कुट्टनाडसाठी १,८४० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. बांध भक्कम झाले, बंधाऱ्याचा उरलेला टप्पाही उभा राहिला. मात्र पेरणीच्या तारखा सर्व शेतसमूहांनी एकत्र पाळल्याशिवाय दरवाजे वेळेवर उघडणे अशक्य आहे. तोवर मार्चच्या मध्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर दोन निवेदने येतच राहतील.